सायबर सुरक्षा, टेक कंपन्या आणि इंटरनेटचे नियम: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सतरा वर्षं मी सातारा-सांगली भागातल्या पतसंस्था आणि छोट्या सहकारी बँकांचे कॉम्प्युटर सांभाळतो. शनिवारी संध्याकाळी आमच्या गावच्या वाचनालयात बसतो. लोक फोन घेऊन येतात, अडचण सांगतात, आणि जाता जाता एखादा मोठा प्रश्नही विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. ही माझी मतं आहेत आणि ती ठाम आहेत. ज्याच्या हातात किल्ल्या, त्याच्याच गळ्यात जबाबदारी हवी, असं मी मानतो. खालची बहुतेक उत्तरं त्याच वाटेने जातात.

फसवणूक झाली की सगळे म्हणतात, “तुम्हीच हावरटपणा केला, तुम्हीच ओटीपी दिला.” चूक खरंच माणसाचीच असते का?

बहुतेक वेळा नसते. एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये अडकले. तुमच्या आधार कार्डावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, असं सांगून त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. पलीकडे खाकी गणवेश, मागे अशोकस्तंभ. गुरुजींनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, चार्जर लावून ठेवला, आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसून राहिले. बाथरूमला जायलाही परवानगी मागत होते. त्यांच्या पत्नी ताट आणून ठेवत होत्या आणि एक शब्द न बोलता आत जात होत्या. तिसऱ्या दिवशी ते बँकेत गेले आणि सगळ्या ठेवी मोडल्या.

गुरुजी भोळे होते, एवढं बोलून लोक मोकळे होतात. मी त्यांचं पासबुक बघितलं. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही ठेव मुदतीआधी मोडलेली नव्हती. त्या दिवशी तिन्ही ठेवी एका तासात मोडल्या गेल्या आणि रक्कम परराज्यातल्या, कधीही व्यवहार न झालेल्या खात्यावर गेली. पत्ता बदलायचा असेल तर हीच शाखा तीन झेरॉक्स मागते. त्या दिवशी “गुरुजी, सगळं ठीक आहे ना?” एवढं विचारायला कोणालाही सुचलं नाही. आणि पलीकडचं ते, चोराने कोणाकडून तरी भाड्याने घेतलेलं खातं? तेही कुठल्यातरी बँकेनेच केवायसी करून उघडलेलं होतं.

कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये ते सांगितलं, फोन लावला की कॉलर ट्यूनवरही महिनोन्महिने ऐकू येत होतं. तरी लोक फसत राहिले, कारण घाबरलेल्या माणसाला कॉलर ट्यून आठवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला, त्यात बँकांचीही चौकशी करायला सांगितलं. मला ती दिशा बरोबर वाटते. पैसा शेवटी बँकेच्याच नळातून वाहतो. तोटीही तिथेच आहे.

मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले. कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि मी अशा लोकांवर विश्वास ठेवतो. तीन वाटा नेहमी दिसतात.

पहिली, एपीके फाइल. व्हॉट्सअपवर ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान’ किंवा लग्नाची पत्रिका म्हणून येते. नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं असतात. उघडली की अ‍ॅप बसतं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतं. एकदा ‘अलाउ’ दाबलं की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. तुम्हाला मेसेज दिसतही नाही.

दुसरी, सिम. तुमच्या नावाने कोणी डुप्लिकेट सिम काढलं की तुमच्या फोनची रेंज जाते. घरात सगळ्यांना रेंज आहे आणि फक्त तुम्हालाच नाही, असं तासभर राहिलं तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवा, मग सिम कंपनीला.

तिसरी वाट मला सगळ्यात जास्त चीड आणते. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सेवेत अंगठा लावला की पैसे निघतात, ओटीपी लागतच नाही. काही राज्यांत जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठ्याचे ठसे सरकारी वेबसाइटवरून उचलून, त्यांचे रबरी साचे बनवून खाती रिकामी केल्याच्या घटना पोलिसांनी उघड केल्या. पासवर्ड बदलता येतो. अंगठा कसा बदलायचा? आधारच्या सरकारी अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे, म्हणजे अंगठ्याचा वापर बंद करणारं कुलूप, तो आजच लावा. तो लॉक सुरुवातीपासूनच लागलेला असायला हवा होता, असं माझं म्हणणं आहे. ज्याला गरज असेल त्याने उघडून घ्यावा.

मग सुरक्षित रचना म्हणजे नेमकं काय? लोकांना शिकवणं महत्त्वाचं नाही का?

शिकवणं महत्त्वाचं आहे, मी स्वतः दर शनिवारी तेच करतो. पण त्याची मर्यादा यूपीआयच्या एका उदाहरणावरून कळते.

यूपीआयमध्ये ‘पैसे मागण्याची’ सोय होती. तुम्ही जुनं कपाट विकायला ऑनलाइन जाहिरात द्यायची, पलीकडचा म्हणायचा, “मी लष्करात आहे, लगेच पैसे पाठवतो, फक्त पिन टाका.” पिन टाकला की पैसे यायच्या ऐवजी जायचे. ‘पैसे घेताना पिन लागत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा सांगितलं की पाठ झालं. वर्षानुवर्षं पोस्टर लागली, एसएमएस आले, फसवणूक चालूच राहिली. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५पासून दोन व्यक्तींमधली ही सोयच बंद केली. त्यानंतर त्या प्रकारची केस घेऊन माझ्याकडे कोणी आलेलं नाही.

जिन्याची पायरी तुटली असेल तर ‘जपून चढा’ अशी पाटी किती वर्षं लावायची? पायरी दुरुस्त करायची.

पैसे गेले तर बँक भरून देते का?

अनेकदा द्यावेच लागतात, आणि हे बँका आपणहून सांगत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेगळं निघालं. त्याचा गाभा असा आहे:

चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठल्या यंत्रणेची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच नुकसान तुमचं. तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. हे शेवटचं वाक्य कागदावर लिहून काउंटरवर न्या. मी दिलेल्या अशा चिठ्ठ्यांमुळे साहेबांचा सूर बदललेला लोकांनी मला येऊन सांगितलं आहे.

सहकारी बँकेत पैसे ठेवणं धोक्याचं आहे का?

घाबरून पैसे काढायचं कारण नाही, पण प्रश्न बरोबर आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. १९०६ साली स्थापन झालेली बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएम कार्डाचा व्यवहार मंजूर करणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी हल्लेखोरांनी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली. मग बनावट कार्डांवरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत गेले. खात्यात किती पैसे आहेत ही विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचतच नव्हती, कारण मधला तोतयाच प्रत्येकाला ‘हो, द्या’ म्हणत होता. दोन दिवसांनी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये.

इथे एकाही खातेदाराने ओटीपी दिलेला नव्हता, कुठल्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, नुकसान बँकेने सोसलं. २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. ते बहुतेक एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणारे होते.

माझ्या कामात मी रोज बघतो: छोट्या संस्थेच्या संचालक मंडळाला कार्यालयाला संगमरवर बसवायचा ठराव पाच मिनिटांत मंजूर करता येतो, पण बॅकअपसाठी दुसरी मशीन घ्यायला तीन सभा लागतात. तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सभेत उभं राहून दोनच गोष्टी विचारा. बॅकअप वेगळ्या जागी ठेवला जातो का? तो परत चालू करून शेवटचा कधी पाहिला?

पासवर्ड दर महिन्याला बदलू का?

नको. दर महिन्याला बदलणारा माणूस शेवटी आकडा वाढवत जातो, पंढरपूर१, पंढरपूर२. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, लांब ठेवा, आणि ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. घरच्या वहीत लिहून ठेवला तरी चालेल. रशियातला चोर तुमच्या कपाटातली वही उघडू शकत नाही.

फोनसाठी अँटिव्हायरस विकत घेऊ का?

गरज नाही. अपडेट येतात का ते बघा. अपडेट बंद झालेला फोन म्हणजे कुलूप नसलेलं घर, आणि इथे नियमांची खरी गरज आहे. दहा-बारा हजारांचा फोन घेणाऱ्याला तो किती वर्षं सुरक्षित राहील हे खोक्यावर छापून मिळायला हवं. युरोपीय संघाने जून २०२५पासून मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक केलं आहे. तोच फोन त्याच कंपन्या आपल्यालाही विकतात. आपल्याकडे हा नियम का नसावा?

व्हॉट्सअपवरचे मेसेज कोणी वाचतं का?

मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही, कंपनीही नाही. एप्रिल २०१६पासून तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. पत्र पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतं आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतं. पण पाकिटावरचा पत्ता कंपनीला दिसतो: कोण, कोणाशी, किती वाजता, कितीदा. त्यातून माणसाचं बरंच आयुष्य कळतं.

आणि बॅकअप. गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप कुलूपबंद करायचा पर्याय २०२१पासून आहे, मात्र तो आपोआप सुरू नसतो. सेटिंगमध्ये जा, चॅट, चॅट बॅकअप, तिथे शोधा. पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला, हेही लक्षात ठेवा.

पण अफवा कोणी पसरवली हे पोलिसांना कळायला नको का?

हा प्रश्न मला कोणी विचारला की मी आधी राईनपाड्याबद्दल बोलतो. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावाचा आठवडी बाजार. मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कित्येक दिवस त्या भागात फिरत होते. एका लहान मुलीशी बोलताना त्यांना पाहिलं एवढंच निमित्त झालं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण.

ज्यांना वाटतं की असे मेसेज पाठवणारा सापडायला हवा, त्यांची तळमळ मला समजते. फेब्रुवारी २०२१च्या आयटी नियमांत तशी तरतूदही आली: पन्नास लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने मागणी झाल्यावर मेसेजचा पहिला कर्ता शोधून द्यावा. व्हॉट्सअप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२४मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही देश सोडू. कंपनीच्या धमकीने मला काही फरक पडत नाही. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे.

त्या वर्षी मुलं पळवण्याच्या अफवेसोबत देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीत बनलेल्या बालसुरक्षेच्या जनजागृती फिल्मचा तुकडा होता. शेवटची पाटी कापली आणि तो पळवापळवीचा पुरावा झाला. याचा पहिला कर्ता कोण? नियम म्हणतो, पहिला कर्ता परदेशात असेल तर भारतातला पहिला तो कर्ता धरायचा. म्हणजे काळजीपोटी “हे खरं आहे का?” असं विचारत बहिणीला पाठवणारी एखादी मावशीही असू शकते. स्क्रीनशॉट काढून पुन्हा पाठवला की साखळी तुटते, आणि ज्याला मुद्दाम आग लावायची आहे त्याला हे पक्कं ठाऊक असतं. आणि हे सगळं करायचं तर कोट्यवधी लोकांच्या प्रत्येक मेसेजवर खूण ठेवावी लागेल.

राईनपाड्यानंतर झालेला एक बदल मात्र मला मोलाचा वाटतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एका वेळी पाच जणांपर्यंतच फॉरवर्डची मर्यादा आणली, ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का लावला. त्यासाठी कोणाचंही पत्र उघडावं लागलं नाही. तो बदल आधी का केला नाही, याचा जाब कंपनीला विचारायला हवा होता. आणि अफवा इतके दिवस फिरत असताना त्या भागातल्या गावांमध्ये दवंडी का पिटली नाही, बाजारात दोन पोलीस का उभे नव्हते, हेही विचारायला हवं होतं.

फक्त सरकारलाच या कुलपाची एक जादा चावी दिली तर काय बिघडलं?

चावी सरकारकडेच राहील याची खात्री कोणीही देऊ शकलेलं नाही.

ग्रीसमध्ये २००४-०५ साली व्होडाफोनच्या यंत्रणेत पोलिसांसाठी ठेवलेली संभाषण ऐकण्याची सोय अज्ञात लोकांनी गुपचूप चालू केली. सुमारे शंभर फोन ऐकले गेले, त्यात खुद्द पंतप्रधानांचा होता. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांना असा दरवाजा ठेवणं भाग पडलं. २०२४मध्ये उघड झालं की चीनशी संबंधित हॅकर अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत घुसले आणि नेमक्या त्याच यंत्रणांपर्यंत पोहोचले. त्यानंतर अमेरिकेचं सरकारच आपल्या अधिकाऱ्यांना सांगू लागलं: एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली अ‍ॅप वापरा.

हे लांबचं वाटत असेल तर आपल्या न्हावा-शेवा बंदराकडे, म्हणजे जेएनपीटीकडे बघा. विंडोजमधली एक त्रुटी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने स्वतःच्या हेरगिरीसाठी राखून ठेवली होती. ते हत्यार त्यांच्याकडून चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७मध्ये इंटरनेटवर टाकलं गेलं. मे महिन्यात त्यावरच ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला. २७ जूनला युक्रेनच्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस सुटला, त्यातही तेच हत्यार होतं, तो जहाज कंपनी मर्स्कच्या जगभरातल्या मशीनमध्ये शिरला, आणि त्यांच्या समूहाकडे असलेलं जेएनपीटीतलं टर्मिनल ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारे पडदेच बंद पडले. रायगड जिल्ह्यातल्या बंदरात ट्रक अडकून पडले. एका देशाच्या यंत्रणेने ‘आपल्या कामाला येईल’ म्हणून उघडी ठेवलेली फट आपल्या दारापर्यंत अशी आली.

म्हणून मी नेहमी म्हणतो, गुन्हेगारासाठी वेगळं आणि नागरिकासाठी वेगळं असं गणित नसतं. कुलूप एकतर सगळ्यांसाठी पक्कं असतं, नाहीतर सगळ्यांसाठी कच्चं.

कर नाही त्याला डर कशाला?

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. काय ‘कर’ होतं त्यांचं? त्यांच्यावर लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ पुढे श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. रद्द झाल्यावरही पोलीस ठाण्यांत त्या कलमाखाली अनेक वर्षं गुन्हे दाखल होत राहिले.

काय गुन्हा ठरेल हे आपण ठरवत नाही, आणि ज्याच्याकडे माहिती आहे तो उद्या बदलू शकतो. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो फक्त काही लपवायचं असणाऱ्यांसाठी मानलेला नाही. आपण घराला दार लावतो, म्हणजे आत चोरी चालते असं कोणी म्हणत नाही.

म्हणजे तुम्ही सरकारी नियमांच्याच विरोधात आहात?

मुळीच नाही, मला जास्त कडक नियम हवेत. पण ते ताकदवानाला बांधणारे हवेत.

विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. कंपनीने माहिती सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. आकडा मोठा आहे. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपयाही मिळण्याची सोय या कायद्यात नाही, उलट जुन्या आयटी कायद्यातलं भरपाईचं कलम ४३अ काढून टाकायचं ठरलं आहे. तुमच्या शेतात दुसऱ्याची गुरं शिरली, पीक खाल्लं, दंड ग्रामपंचायतीने घेतला आणि तुम्ही मोकळ्या हाताने घरी. शिवाय सरकार स्वतःच्या यंत्रणांना सूट देऊ शकतं, आणि याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम इतकं रुंद केलं की एखाद्या योजनेची लाभार्थी यादी मागणाऱ्याला ‘वैयक्तिक आहे’ म्हणून परत पाठवणं सोपं झालं. ज्या महाराष्ट्रात माहिती अधिकारासाठी उपोषणं झाली, तिथे यावर गावागावांत बोलणं व्हायला हवं.

काय खरं आणि काय खोटं हे सरकारनेच ठरवायचं, याला मात्र माझा विरोध आहे. केंद्राच्या ‘फॅक्ट चेक युनिट’चा नियम मुंबई उच्च न्यायालयात आला. जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबरमध्ये नियम घटनाबाह्य ठरवला. मला तो निकाल मनापासून पटतो.

गूगल-मेटा एवढ्या सेवा फुकट देतात. त्यांच्याविरुद्ध तक्रार कशाला?

भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडवरच्या मक्तेदारीसाठी गूगलला ऑक्टोबर २०२२मध्ये १३३७.७६ कोटींचा दंड केला, आणि व्हॉट्सअपच्या २०२१च्या ‘मान्य करा नाहीतर सोडा’ अशा खासगीपणाच्या धोरणासाठी त्याच्या मालक कंपनीला, मेटाला, नोव्हेंबर २०२४मध्ये २१३.१४ कोटींचा. दोन्ही प्रकरणं अपिलात गेली. रकमेपेक्षा मला कारण महत्त्वाचं वाटतं: संमती म्हणजे ‘नाही’ म्हणता येणं.

अवलंबून राहण्याचा धोका मात्र दंडाने जात नाही. जुलै २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा बंद केल्या, कारण युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लावले होते. स्वतःच्याच ईमेलसाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग सेवा सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या तालुक्यातल्या दूध संघाचं काय?

मग स्वदेशी अ‍ॅप घेतलं की प्रश्न मिटला?

स्वदेशी कंपन्या वाढाव्यात असं मलाही वाटतं. पण कुलूप कोणत्या गावचं आहे याआधी ते लागतं का हे बघावं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये सगळे अरट्टाई या स्वदेशी मेसेजिंग अ‍ॅपवर जात होते, तेव्हा त्यात कॉल एंड-टू-एंड सुरक्षित होते, पण लिखित चॅट नव्हतं. लोकांनी विचारल्यावरच त्यावर काम झालं. विचारत राहावं.

संचार साथी हे सरकारी अ‍ॅप ठेवू की काढू?

सेवा उपयोगी आहे. हरवलेला फोन बंद करता येतो, तुमच्या नावावर किती सिम आहेत ते कळतं. नोव्हेंबर २०२५अखेर सरकारने हे अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकायचा आदेश काढला तेव्हा मी विरोधात होतो. काही दिवसांतच सक्ती मागे घेतली, ते चांगलं झालं. वेबसाइटवरूनही हीच कामं होतात.

एखाद्या वेबसाइटमधली चूक दिसली तर कळवू का?

कळवा, पण जपून. मी भाजलो आहे. एका वित्तसंस्थेच्या साइटवर कर्जाचा अर्ज बघताना पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला तर दुसऱ्याच माणसाचा अर्ज उघडत होता: फोटो, पॅन कार्ड, पगाराची पावती. एका बाईंच्या अर्जावर ‘मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी’ असं कारण होतं. मी लगेच खिडकी बंद केली आणि संस्थेला ईमेल केला. अकरा दिवसांनी वकिलाची नोटीस आली. आभार नाहीत, चूक सुधारल्याचंही कळवलं नाही.

२०१८ साली पाचशे रुपयांत आधारची माहिती मिळते हे ‘द ट्रिब्यून’ने दाखवलं, तेव्हा बातमी देणाऱ्या पत्रकाराचं नाव एफआयआरमध्ये आलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. प्रामाणिकपणे चूक दाखवणाऱ्याला कायद्याने संरक्षण हवं, ही माझी सगळ्यात जुनी मागणी आहे. तोवर तुम्ही थेट संस्थेला न लिहिता सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा, दुसऱ्याची माहिती उतरवून घेऊ नका, आणि कधी काय पाहिलं याची तारीखवार नोंद ठेवा.

आत्ताच पैसे गेलेत. पहिल्या तासात काय करू?

रडत बसू नका, कोणाची बोलणी खात बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. लागत नसेल तर लावत राहा, आणि तोवर दुसऱ्या कोणालातरी सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार भरायला बसवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच खात्यांत असे पळत असतात. मधल्या कुठल्याही खात्यात ते गोठवता येतात, म्हणून मिनिटं मोजायची. मग बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर ईमेल करा, म्हणजे वेळ नोंदली जाते.

फोन फॉर्मॅट करू नका. दुकानदार लगेच तेच सुचवेल, पण त्यात पुरावा जातो. फक्त इंटरनेट बंद करा. सोबत न्यायचं: आधारची प्रत, बँकेचा उतारा, आलेले मेसेज आणि कॉलचे स्क्रीनशॉट, ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा व्यवहार क्रमांक. आणि घरातलं एक माणूस न्या, जे शांतपणे बोलू शकेल. आमच्याकडे यायचं असेल तर शनिवारी साडेपाचनंतर वाचनालय उघडं असतं. पण त्यासाठी शनिवारपर्यंत थांबू नका.